कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह: इतिहास, आग आणि पुन्हा उभारणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आग लागल्यापासून नाट्यगृहाबद्दल तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतायत, काही बाहेरगावच्या लोकांचे, काही आपल्याच गावातल्या पोरांचे ज्यांनी तिथं कधी नाटक बघितलंच नाही. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. जिथं माझं मत आहे तिथं ते मतासारखंच लिहिलंय.

हे नाट्यगृह नक्की कुठं आहे आणि कुणाचं आहे?

कोल्हापुरात, खासबाग कुस्ती मैदानाला अगदी लागून. अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येतं. मालकी कोल्हापूर महानगरपालिकेची, म्हणजे पर्यायानं आपल्या सगळ्यांची, हे मुद्दाम सांगतोय कारण बरेच जण अजून ते राजघराण्याचं किंवा एखाद्या ट्रस्टचं समजतात.

कुणी बांधलं आणि कधी?

राजर्षी शाहू महाराजांनी. काम १९१३ ला सुरू झालं आणि १९१५ ला नाट्यगृह उभं राहिलं. १९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते, त्या दौऱ्यात युरोपही बघून आले, रोमचं कलोसियम बघितलं आणि तिथनंच आपल्याकडं असं काहीतरी पाहिजे हे डोक्यात बसलं असं सगळीकडे सांगितलं जातं. परत आल्यावर आधी कुस्तीचं मैदान झालं आणि मग त्याला खेटून थिएटर.

त्या काळाचा विचार करा जरा. बाकीच्या गावांत नाटक कंपनी आली की तंबू किंवा पत्र्याचं तात्पुरतं थेटर उभं राहायचं, पावसात प्रयोग बंद, आवाज बाहेर उडून जायचा, आणि इथं एका संस्थानाच्या राजानं प्रजेला बसून नाटक बघता यावं म्हणून दगडी बांधकामाचं कायमचं नाट्यगृह उभं केलं. तेही नाटक म्हणजे छचोर लोकांचा धंदा असं समजणारी घरं गावोगाव असताना.

पॅलेस थिएटर आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकच का?

हो, एकच. आधीचं नाव पॅलेस थिएटर. संस्थान विलीन झालं, नाट्यगृह नगरपालिकेकडं आलं आणि पुढं संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. गावात आता कुणीच पूर्ण नाव घेत नाही, "आज केशवरावला प्रयोग आहे" एवढंच म्हणतात. म्हातारी माणसं मात्र अजून पॅलेस थेटरच म्हणतात.

केशवराव भोसले कोण होते? नाव माहीत आहे पण पुढं काही माहीत नाही.

हा प्रश्न विचारायला लाजू नका, हे शाळेत कुणी शिकवतच नाही.

जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचाच. घरची गरिबी, अगदी लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले आणि 'संगीत शारदा' मधल्या शारदेच्या भूमिकेनं हा मुलगा महाराष्ट्रभर गाजला. तेव्हा बायकांच्या भूमिका पुरुषच करायचे हे माहीतच असेल. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत स्वतःची ललितकलादर्श नाटक मंडळी काढली, म्हणजे वय सतरा! आज त्या वयाचं पोरगं बारावीला असतं.

गळा असा होता की तार सप्तकात चढला की थिएटरच्या शेवटच्या रांगेला लख्ख ऐकू जायचं, माइक वगैरे काही नाही. १९२१ च्या ८ जुलैला मुंबईत 'मानापमान' चा संयुक्त प्रयोग झाला, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. मराठी रंगभूमीवर त्या प्रयोगाबद्दल अजून बोलतात. आणि त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, विषमज्वरानं केशवराव गेले. एकतीस वर्षांचं आयुष्य. ललितकलादर्श मात्र थांबली नाही, बापूराव पेंढारकरांनी आणि नंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी ती पुढं कितीतरी वर्षं चालवली.

शाहू महाराजांना नाटकाची एवढी आवड कशी काय?

आवड होतीच, पण त्याच्यापुढं जाऊन त्यांना माणसं हेरायची नजर होती. पैलवान असो, गवई असो की नट, ज्याच्यात काही आहे त्याला उचलायचं, राहायची खायची सोय करायची आणि शिकू द्यायचं. अल्लादिया खाँसाहेबांना दरबार गायक म्हणून ठेवलं, त्यामुळं जयपूर घराण्याचं गाणं कोल्हापुरात रुजलं आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशी मोठी शिष्यमंडळी त्याच परंपरेत तयार झाली.

नारायण राजहंस म्हणजे पुढचे बालगंधर्व, त्यांच्या कानाला त्रास होता, महाराजांनी त्यांना मिरजेला डॉक्टर वॉनलेस यांच्याकडं उपचाराला पाठवलं आणि तिथंच किर्लोस्कर नाटक मंडळीशी गाठ पडून १९०५ ला ते कंपनीत गेले. महाराजांनी त्या पोराच्या कानाकडं लक्ष दिलं नसतं तर पुढचं काय झालं असतं याचा विचार करवत नाही. बाय द वे, महाराज आणि बालगंधर्व दोघांचाही जन्म २६ जूनचा, एकाचा १८७४ आणि दुसऱ्याचा १८८८.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर ही जोडी पण याच गावची, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता ते सिनेमाकडं वळले आणि बाबूरावांनी पुढं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. म्हणजे नाटक, गाणं, चित्रकला, सिनेमा हे सगळं इथं एकमेकांत गुंतलेलं होतं आणि त्याच्या मधोमध ही वास्तू होती. एक इमारत जळाली तर एवढं काय रडायचं असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह चिकटून का बांधलंय?

मला ही या जागेतली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. खासबाग मैदान बशीसारखं आहे, मध्ये खाली आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक, तीसेक हजार माणूस बसलं तरी कुठूनही कुस्ती दिसते, पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. त्या मैदानाच्या एका अंगाला खुला रंगमंच आणि त्याच्या पाठीला लागून नाट्यगृह. म्हणजे एका बाजूला शड्डू आणि दुसऱ्या बाजूला नांदी!

पैलवान आणि नट हे दोन वेगळ्या जगातले लोक आहेत असं महाराजांना वाटलंच नसावं. दोघांनाही तालीमच करावी लागते.

पण याच चिकटून असण्याचा आगीत तोटा पण झाला, ते खाली येतंच.

या वास्तूत खास काय होतं? मला तर जुनी बिल्डिंग एवढंच दिसायचं.

आत बसून नाटक बघितलं असतं तर कळलं असतं. प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नव्हता. आज सिमेंट स्टीलच्या जमान्यात यात काही वाटत नाही पण १९१५ च्या आसपास एवढा मोठा हॉल बिनखांबाचा छप्परायचा म्हणजे कारागिरांची परीक्षाच. त्यामुळं खांबामागची वाईट सीट हा प्रकारच नाही.

रंगमंच लाकडी आणि खाली पोकळ. लाकडी पोकळ रंगमंचावर पाऊल पडलं की त्याला एक नाद असतो, आवाजाला भर मिळते, नटाच्या पायाला पण ते बरं, दोन अंकी नाटकात उड्या मारणाऱ्या माणसाचे गुडघे काँक्रीटवर तीन प्रयोगांत बोलायला लागतात. विंगा, म्हणजे रंगमंचाच्या दोन्ही बाजूंच्या आडोशाच्या जागा, ऐसपैस होत्या, सेट लावायला आणि एका प्रवेशातून दुसऱ्यात जायला जागा होती. आजकाल बऱ्याच नवीन नाट्यगृहांत समोर चकाचक लॉबी असते आणि विंगेत दोन माणसं समोरासमोर आली की एकानं मागं सरकायचं अशी अवस्था, इथं तसं नव्हतं.

आणि आवाज. बिनमाइकचं नाटक मागच्या रांगेला ऐकू यायचं, हे इथं काम केलेला प्रत्येक नट सांगतो.

आग कधी लागली? काय काय जळालं?

८ ऑगस्ट २०२४, गुरुवारी रात्री. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. तारखांचा हा योग अजून पचत नाही.

आग मागच्या खुल्या रंगमंचाच्या बाजूनं आत पसरली. लाकूड, पडदे, खुर्च्या, वायरिंग, सगळं पेट घेणारंच सामान, त्यामुळं बंब येऊन पाणी मारेपर्यंत छताला धरलं होतं. छत खाली आलं, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या, साउंड आणि लाइटचं सामान गेलं. दगडी भिंती आणि समोरचा भाग उभा राहिला. खासबागेच्या बाजूचा खुला रंगमंच पण गेला. जीवितहानी झाली नाही. प्रयोग चालू असता तर काय झालं असतं हा विचार त्या रात्री बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात येऊन गेला.

गावातले रंगकर्मी रात्रभर रस्त्यावर उभे होते. मोठमोठी माणसं ढसाढसा रडत होती.

मग आता 'मूळ' असं उरलंच काय? सगळं नवीनच होणार ना?

नाही. भिंती मूळ आहेत, जागा मूळ आहे, मापं मूळ आहेत. हॉलची लांबी रुंदी, रंगमंचाची उंची, समोरची कमान, बसण्याचा उतार, या सगळ्याचं एक प्रमाण असतं आणि नाट्यगृहाचा जीव त्यात असतो. छत तर आधीही दुरुस्त होतच आलंय, खुर्च्या बदलत आल्यात, शतकमहोत्सवाच्या सुमारास तर मोठं नूतनीकरण झालं होतं. तेव्हा कुणी म्हणालं का की हे आता केशवराव राहिलं नाही?

सरळ पाडून मल्टिप्लेक्ससारखं मोठं नाट्यसंकुल का नाही बांधत? पार्किंग पण होईल, दुकानं पण होतील.

हा प्रश्न नेहमी येतो आणि विचारणारे बहुतेक चांगल्या मनानं विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

एक म्हणजे ही हेरिटेज वास्तू आहे, मनात आलं म्हणून पाडता येत नाही आणि येऊही नये. दुसरं म्हणजे दुकानं आली की हिशोब दुकानांचा होतो. वरच्या मजल्यावर कुठंतरी नाट्यगृह, खाली गाळे, मग गाळ्यांच्या भाड्यावर इमारत चालते आणि नाटक हे लचांड वाटायला लागतं. सेटचा ट्रक मागं लावायला जागा नाही, सामान लिफ्टनं वर चढवा, लिफ्ट बंद असली की बॅकस्टेजची पोरं खांद्यावर सेटचे फ्लॅट, म्हणजे भिंतीसारख्या मोठ्या चौकटी, घेऊन जिना चढतायत. वर चढवलेल्या नाट्यगृहात काम केलेल्या कुठल्याही नेपथ्यवाल्याला विचारा.

तिसरं, पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचं बघा. २६ जून १९६८ ला सुरू झालेली वास्तू, अजून धडधाकट, पण पाडून नवीन बांधायचा विषय निघाला आणि वर्षानुवर्षं वाद चालू आहे, कलाकारांतच दोन गट पडले. आपल्याकडं तसं झालं नाही, आग लागल्या दिवसापासून गाव एका सुरात म्हणतंय की जसं होतं तसं पाहिजे. हे एकमत फार दुर्मिळ असतं, ते घालवू नये.

'जसं होतं तसं' म्हणजे नक्की काय करायचं असतं?

बोलायला चार शब्द आहेत पण काम किचकट आहे. आधी उभ्या भिंती तपासायच्या. दगड तापला आणि त्यावर एकदम गार पाणी पडलं की त्याचे पापुद्रे सुटतात, आत बारीक भेगा जातात ज्या वरून दिसत नाहीत. चुन्याचा दर्जा उष्णतेनं बदलतो, सांधे भुसभुशीत होतात. म्हणून दगडाचे आणि चुन्याचे नमुने काढून लॅबला पाठवणं, भिंतीत आवाजलहरी सोडून आतली पोकळी शोधणं, हे सगळं आधी आणि मग बांधकाम.

डागडुजी करताना मोह होतो सिमेंट मारायचा, पटकन होतं आणि स्वस्त पडतं. पण चुन्यातल्या जुन्या भिंतीला सिमेंट लावलं की भिंतीचा श्वास कोंडतो, ओल बाहेर पडत नाही, आतल्या आत दगड खराब होत जातो आणि दहा पंधरा वर्षांनी प्लास्टर दगडासकट सुटून येतं. चुनाच पाहिजे, मळलेला, मुरवलेला, आणि त्याला वाळायला वेळ द्यायला पाहिजे. कोल्हापूरचा पाऊस बघता वर्षातले कितीतरी महिने हे काम उघड्यावर होऊच शकत नाही.

मग छत. लाकूड की लोखंड यावर भरपूर बोललं जातं. लोखंड जळत नाही हे खरं पण साधारण साडेपाचशे सहाशे अंशाला त्याची ताकद निम्म्यावर येते आणि ते वाकून खाली येतं, उलट जाड लाकडाची तुळई बाहेरून कोळसा होत जाते आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही वेळ वाचवतो. त्यामुळं लोखंड म्हणजे सुरक्षित आणि लाकूड म्हणजे धोका इतकं सरळ नाहीये. लोखंड वापरलं तर त्याला आगरोधक लेप पाहिजे आणि तो लेप वरचेवर तपासायला पाहिजे.

तो आवाज परत येईल का? मला बाकी कशाशी देणंघेणं नाही.

माझं पण खरं तर एवढंच मागणं आहे.

येऊ शकतो, पण आपोआप येणार नाही. हॉलमधला आवाज तीन चार गोष्टींवर ठरतो, हवेचं एकूण आकारमान, भिंती आणि छत कशाचं आहे, खुर्च्या कसल्या आहेत आणि माणसं किती बसलीत. आवाज बंद झाल्यावर तो किती वेळ घुमत राहतो हे मोजता येतं, संवादाच्या नाटकाला साधारण एक सेकंद बरा, गाण्याला त्याच्यापेक्षा थोडा जास्त लागतो. फार घुमला तर शब्द एकमेकांवर चढतात, अजिबात घुमला नाही तर गाणं कोरडं लागतं, तान सोडली आणि पुढ्यात पडली असं होतं. आपलं नाट्यगृह संगीत नाटकाच्या काळातलं, म्हणजे ते संवाद आणि पद दोन्हीसाठी होतं, मधला तोल साधलेला.

आता धोका कुठं आहे सांगतो. आजकाल कुठल्याही हॉलचं काम निघालं की कार्पेट, जाड गादीच्या खुर्च्या, भिंतीला भोकाभोकांचे बोर्ड, छताला फॉल्स सीलिंग हे ठरलेलं पॅकेज येतं. दिसतं छान. पण हे सगळं आवाज पिणारं सामान आहे, त्यानं हॉल मुका होतो आणि मग प्रत्येक नटाच्या गालाला माइक चिकटवावा लागतो. फॉल्स सीलिंगनं वरची हवा पण कमी होते. म्हणून टेंडरमध्ये "उत्तम ध्वनिव्यवस्था" असं मोघम लिहून भागत नाही, किती सेकंद, रिकामा असताना किती, भरलेला असताना किती, हे आकडे लिहायला पाहिजेत आणि काम संपल्यावर मोजून बघायला पाहिजेत. एसीचा घोंगाट हा पण याच्यातच येतो. शांत प्रवेशात मशीनची घरघर ऐकू आली तर एसी नसलेला बरा.

आणि अंतिम परीक्षा साधी आहे. रंगमंचावर एक माणूस उभा करा, माइक बंद, शेवटच्या रांगेत दुसरा बसवा, आणि नेहमीच्या आवाजात एक स्वगत म्हणायला लावा.

परत आग लागू नये म्हणून काय करतात?

रंगमंच ही कुठल्याही नाट्यगृहातली सगळ्यात धोक्याची जागा, कारण पडदे, लाकूड आणि तापलेले दिवे एकत्र. म्हणून रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये आगीत खाली पडणारा अग्निरोधक पडदा, रंगमंचाच्या वर धूर बाहेर जायला झडपा, पाण्याचे फवारे, धूर ओळखणारे सेन्सर, हायड्रंट म्हणजे आगीचा पाइप जोडायचा मोठा नळ आणि त्याला स्वतःची पाण्याची टाकी. मखमली पडद्यांना आगरोधक द्रव्य लावतात पण पडदा धुतला की ते निघून जातं, परत लावावं लागतं, हे बऱ्याच ठिकाणी विसरलं जातं. लाइटच्या डिमरची (उजेड कमीजास्त करणाऱ्या यंत्राची) वायरिंग वेगळी आणि लोडचा हिशोब करून. बाहेरून येणारा लाइटवाला कुठल्याही सॉकेटला काहीही जोडतोय असं चालत नाही.

दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी आणि प्रयोग चालू असताना कुलूप नसलेली. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली, आगीच्या ज्वाळांनी कमी आणि कोंडलेल्या धुरानं, न सापडलेल्या वाटांनी जास्त. तेवढं एक उदाहरण पुरे आहे.

कायदा पण आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत आहे याचा दाखला लायसन्सवाल्या एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. माझं म्हणणं एवढंच की तो दाखला तिकीट खिडकीशेजारी फ्रेम करून लावा, येणाऱ्या प्रत्येकाला तारीख दिसू दे.

खासबागेच्या बाजूची सामाईक भिंत हा इथला खास मुद्दा. दोन्ही रंगमंच पाठीला पाठ लावून आहेत, तर मधली भिंत पूर्ण अग्निरोधक आणि त्यातली दारं पण तशीच पाहिजेत, नाहीतर एकीकडची ठिणगी दुसरीकडे जाणारच.

पैसे कुठून येतायत?

आगीनंतर राज्य सरकारनं २० कोटी जाहीर केले, त्याशिवाय इमारतीचा विमा होता. यापुढं लक्ष ठेवायची गोष्ट म्हणजे बांधायला पैसे मिळतात पण चालवायला मिळत नाहीत. उद्घाटनाला सगळे येतात, पाच वर्षांनी फाटलेली खुर्ची बदलायला कुणी नसतं. देखभालीची रक्कम दरवर्षीच्या बजेटमध्ये वेगळी काढून ठेवली तरच या खर्चाला अर्थ आहे.

एवढा वेळ का लागतोय? नवीन बिल्डिंग तर वर्षात होते.

जगात जिथं जिथं जुनी थिएटरं जळाली तिथं वेळ लागलाच. व्हेनिसचं ला फेनिचे १९९६ च्या जानेवारीत जळालं, २००३ च्या डिसेंबरात उघडलं. बार्सिलोनाचं लिसेऊ १९९४ ला जळालं आणि १९९९ ला सुरू झालं. दोन्ही श्रीमंत शहरं. आपल्या मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस जळालं नव्हतं, नुसतं बंद पडलं होतं, १९९३ पासून २०१६ पर्यंत. पण आज ते उभं आहे आणि सुंदर उभं आहे.

घाई करा म्हणण्यापेक्षा काय चाललंय ते सांगा, असं मागणं जास्त रास्त आहे. कुठलं काम सुरू, कुठलं अडलं, कशामुळं, हे गेटवर एका फळ्यावर जरी लिहिलं तरी लोक थांबायला तयार असतात.

एसी, पार्किंग, स्वच्छतागृह हे तरी चांगलं होणार का?

व्हायलाच पाहिजे, जुनं जपायचं म्हणजे गैरसोय जपायची असं नाही. बायकांची स्वच्छतागृहं पुरेशी पाहिजेत, मध्यंतर पंधरा मिनिटांचं आणि रांग वीस मिनिटांची असं नको. कलाकारांसाठी वेगळी, रंगपटाला (मेकअपच्या खोलीला) लागून, आणि ती पण स्वच्छ, दौऱ्यावर फिरणाऱ्या नट्यांनी यावर किती वर्षं बोलायचं? व्हीलचेअर प्रेक्षागृहात जायला पाहिजे आणि रंगमंचावर पण, कारण अपंग माणूस नुसता प्रेक्षकच असतो असं थोडंच आहे. पार्किंगचा प्रश्न गावाचा आहे, तो नाट्यगृहाच्या आवारात सुटणार नाही.

नवीन झाल्यावर भाडं वाढेल, मग हौशी मंडळींनी काय करायचं?

ही भीती अगदी खरी आहे. कोल्हापूर हे राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र, इथल्या हौशी संस्था दिवसभर नोकऱ्या करून रात्री तालमी करतात, खिशातले पैसे घालून प्रयोग लावतात, आणि महाराष्ट्राच्या रंगभूमीला, मालिकांना, सिनेमाला माणसं यांच्यातनंच मिळतात. भाडं व्यावसायिक कंपन्यांच्या हिशोबानं ठरलं तर पहिले बाहेर पडणार ते हेच. म्हणून दराचे टप्पे पाहिजेत, शाळा कॉलेजला एक, हौशी नाटकाला एक, व्यावसायिकाला एक, आणि लग्न, सत्कार, कंपन्यांच्या मीटिंगला सगळ्यात जास्त. शनिवार रविवारच्या तारखा आधी नाटकाला, मग उरल्या तर भाषणांना. तालमीसाठी छोटा हॉल झाला तर सोन्याहून पिवळं, कारण तालमीला जागा नाही हे रडगाणं प्रत्येक संस्थेचं आहे.

तोपर्यंत नाटकं कुठं बघायची?

दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन आहे, गायन समाज देवल क्लबचं गोविंदराव टेंबे रंगमंदिर आहे. टेंबे म्हणजे 'मानापमान' च्या चाली बांधणारे, ते पण कोल्हापूरचेच. देवल क्लब १८८३ पासूनची संस्था, म्हणजे नाट्यगृहापेक्षाही जुनी. मोठा सेट असलेली व्यावसायिक नाटकं तिथं बसवणं अवघड जातं हे मान्य, पण जे होतंय त्याला जा. प्रेक्षकांची सवय मोडली तर नाट्यगृह उघडल्यावर हॉल भरायचा कसा? नाटकाला जायची सवय दोन वर्षं सुटली की रिमोट हातात येतो आणि मग माणूस उठत नाही.

आम्ही सामान्य माणसं काय मदत करू शकतो?

घरातले अल्बम उघडा. आजोबांनी, आत्यानं, शेजारच्या काकांनी तिथं कधीतरी काम केलेलं असतं, गॅदरिंग झालेलं असतं, बक्षीस घेतलेलं असतं. त्या फोटोत माणसं पुढं असली तरी मागं कमान असते, छताची चौकट असते, बाल्कनीचा कठडा असतो, दाराची बिजागरी असते, आणि काम करणाऱ्या आर्किटेक्टला नेमकी तीच माहिती लागते, कारण जळालेल्या लाकडाचं नक्षीकाम फोटोवाचून कळणार कसं.

फोटो मोबाइलवर काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका, त्यात बारकावे जातात. स्कॅन करा, निदान ६०० डीपीआयवर, आणि मागच्या बाजूचं लिहिलेलं पण स्कॅन करा. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. कुठलं साल, कुठलं नाटक, फोटोत कोण, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून लिहून ठेवा. जुनी हँडबिलं, तिकिटं, स्मरणिका असतील तर त्या पण. मूळ प्रत घरीच ठेवा, स्कॅनची कॉपी महापालिकेच्या नाट्यगृहाचं काम बघणाऱ्या विभागात लेखी पत्रासोबत द्या आणि पोच घ्या.